डाव्या हाताचं टोपडं

टोपडं पुरं व्हायला झालरीचा शेवटचा फेरा तेवढा राहिला होता, आणि नेमकी तेव्हाच बायडाबाई ओसरीवर येऊन भिवराबाईच्या शेजारी टेकली. बीडहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आलेली बाई. तिनं आधी घोटभर पाणी प्यावं, पाय पसरावेत, घरच्यांची विचारपूस करावी. पण चुलत बहिणीच्या हातातलं काम बघितलं आणि बायडाबाई सगळं विसरली.

“भिवरे, तू डावरी कवापासून झालीस?”

“मी कशाला डावरी? उजव्याच हातानं जेवते की.”

“मंग ही सुई कावून डाव्या हातात?”

भिवराबाईनं सुईकडं असं बघितलं, जणू ती आजच पहिल्यांदा दिसली. “क्रोशाची सुई अशीच धरतात, आक्का. तुला न्हाई कळायचं त्यातलं.”

“मला न्हाई कळायचं? आमच्या शेजारची वकिलीणबाई रोज दुपारी दारात बसून हेच करती. रुमाल काय, पिशव्या काय, ढीग घातलाय घरात. उजव्या हातानं करती ती. डाव्या हातानं करणारी मी तुलाच बघितली.”

बायडाबाईचा आवाज काही हळू नव्हता. उद्याच्या घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत बसलेल्या तुळजाबाईच्या हातातलं सूप थांबलं. बायडाबाई ही तिचीच लेक, आणि लेकीचं बोलणं आईच्या कानाला लवकर ऐकू येतं. ती उठली, आली, वाकली आणि भिवराबाईच्या मनगटाला धरून हात उजेडात घेऊन बघितला.

“सगळं टोपडं असंच केलंस?”

“व्हय, काकी.”

“डाव्या हातानं.”

भिवराबाईनं सुई टोपड्यात खुपसून ठेवली. दुसरा दिवस बारशाचा. भिवराबाईच्या बापाच्या, सुंदरराव पाटलांच्या सुनेची बाळंतपणाची ही तिसरी खेप होती. मंजुळेची पहिली दोन लेकरं तिच्या माहेरी वडवणीला झाली, आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली. म्हणून या वेळी बाळंतपण सासरी, उमापुरातच करायचं ठरलं. पोरगा झाला. आता आत्यानं त्याच्या डोक्यावर टोपडं घालायचं, त्याला मांडीवर घ्यायचं आणि कानात नाव सांगायचं. लेकराच्या बापाची, शहादेवाची, सख्खी बहीण एकच, भिवरा. पण ती मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं माघारी धाडलेली. नवऱ्यानं दुसरी केली, तिला दोन झाली, आणि ही बापाच्या ओसरीवर बसून राहिली. असल्या बाईनं नाव ठेवावं का, यावर तुळजाबाईनं आधीच नाक मुरडलं होतं. चार पोरांची आई असलेली बायडा तिला हवी होती. तेव्हा सुंदररावांनी, “सख्खी असताना चुलत कशाला?” एवढंच म्हणून तिला गप्प केलं होतं. आता तिच्या हातात आयतंच सापडलं.

खरं तर भिवराबाईला माहीतच नव्हतं. अख्ख्या उमापुरात क्रोशाची सुई तिच्या एकटीकडं, मग दुसऱ्या कुणाचा हात बघायचा तरी कुठं? तिला हे शिकवलं अमीनसाहेबांच्या बेगमनं. अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, चौकीवर बदलून आले आणि पाटलांच्या परसाला लागून असलेल्या माडीत राहिले. बेगम पडद्यातली, तिला बाहेर पडायची चोरी. भिवराबाई टाकलेली, तिला बाहेर पडायची लाज. दोघींची गाठ परसातल्या भिंतीपाशी पडली ती पडलीच. माडीला उजेडाची खिडकी एक, म्हणून दोघी एकाच बाजेवर खांद्याला खांदा लावून बसायच्या. बेगम डावरी होती. ती समोर बसली असती, तर हिनं आरशात बघितल्यासारखी सुई उजव्या हातात धरली असती. शेजारी बसून जसंच्या तसं उचललं, म्हणून डाव्या हातात धरली. इतकी साधी गोष्ट, पण सांगणारं कोण होतं?

पहिल्या दिवशी तिनं साखळी घातली ती अशी घट्ट, की सुईचं टोक आत शिरेना. बेगम हसून म्हणाली होती, “धागा इत्ता नक्को खींच गे. किसपे गुस्सा है तू?” आणि भिवराबाईला, सासरहून आल्यापासून पहिल्यांदाच, हसू फुटलं होतं. मग साखळी सैल पडू लागली. मग मुका खांब नावाचा टाका आला, मग उभा खांब, मग गोल वाढवायचा कसा आणि आवळायचा कसा हे आलं. दुपार कधी सरायची कळायचं नाही. पुढं अमीनसाहेबांची बदली करीमनगरकडं झाली. जाताना बेगमनं पोलादी सुई आणि थोडी रिळं तिच्या पदरात टाकली. त्या माडीच्या खिडकीकडं भिवराबाई अजून बघते. आता तिथं कडबा भरलेला असतो.

रिळं पुरवून वापरायची म्हणून ती एक वस्तू करायची, मनासारखी झाली की उसवायची आणि त्याच दोऱ्याची दुसरी करायची. देव्हाऱ्याचा रुमाल तेवढा तिनं ठेवला. बाकी तिनं केली ती टोपडीच. एक पुरं झालं की मुठीवर चढवून बघायचं, गोल फिरवायचं, झालर सारखी करायची, आणि दोऱ्याचं टोक धरून ओढायचं. घरातल्या बायकांना वाटायचं, रिकामपणचा चाळा आहे. सुई कोणत्या हातात आहे, हे कुणाच्या ध्यानात आलंच नाही. आताचं टोपडं मात्र उसवायचं नव्हतं. पाचवी पुजून झाली तेव्हा तिनं ते करायला घेतलं, आणि प्रत्येक फेऱ्याला तिला वाटत होतं, हे राहणार. हे खरोखरच्या डोक्यावर जाणार.

सुंदरराव रानातून आले, तर ओसरीवर सभा भरलेली. हातपाय धुवायचीही फुरसत तुळजाबाईनं त्यांना दिली नाही.

“भाऊजी, तुमीच सांगा. हळद-कुंकू डाव्या हातानं लावतं का कुणी? देवाचा परसाद डाव्या हातात घेता का तुमी? आन हे लेकराच्या टाळूवर जायचं.”

“कुणी सांगितलं डाव्या हातानं केलं म्हणून?”

“तिलाच इचारा.”

भिवराबाईनं मान खाली घातली. विहीणबाई छबुबाई लेकीच्या बाळंतपणासाठी वडवणीहून येऊन राहिल्या होत्या. गेले दहा-बारा दिवस त्या भिवराबाईच्या बाजूनं होत्या. तिच्या हातचा काढा, तिच्या हातची धुरी, सगळं त्यांना पसंत होतं. त्या पदर पुढं घेऊन दाराआडून म्हणाल्या, “पाटील, पोरीचं मन दुखवायचं न्हाई मला. पर माझ्या लेकीची दोन गेली. आता कशाचीबी जोखीम नको.”

सुंदररावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. “भिवरा, उजव्या हातानं येतं का तुला?”

“कधी केलं न्हाई, आबा.”

“करून बघ. उद्या बायका जमायच्या आत झालं, तर नाव तू ठेवशील. न्हाई झालं, तर बायडा टोपडं घालील आन बायडाच नाव ठेवील. तिनं बीडहून शिवलेलं आणलंय म्हणं एक.”

हे बोलताना ते लेकीकडं बघत नव्हते, आणि तेच तिला जास्त लागलं. ज्या दिवशी जावयानं पाठवून दिलं, त्या दिवशी याच माणसानं गाडीपाशी येऊन सगळ्या गावासमोर तिचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं.

तिनं टोपडं मुठीवर चढवलं, गोल फिरवलं आणि टोक ओढलं. क्रोशाचं काम करताना जितकं जिकिरीचं, तितकं उसवायला सोपं. झालर गेली, खांबांच्या ओळी गेल्या, शेंड्यावरचा गोल गेला, आणि मांडीत वेडावाकडा दोरा उरला. तिनं तांब्यात कढत पाणी भरलं आणि दोरा भिजवून त्याच्यावर गुंडाळला, म्हणजे त्याची वळणं जावीत. मग सुई उजव्या हातात घेतली.

काय सांगावं. ज्या बोटांनी चुलीतला विस्तव सारला, दळण दळलं, भाकरी थापली, ती बोटं सुईपुढं लुळी पडली. दोरा धरायचा डाव्या हातानं, तर तो हात आपणच सुई शोधू लागला. साखळी झाली, पण कुठं सैल, कुठं आवळलेली. गोल म्हणून जे झालं ते बशीसारखं पसरेना, वाटीसारखं आत वळेना, नुसतं चुरगळून बसलं. तिनं उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा उसवलं. दुपार कलली तरी हाताशी काही नाही.

शहादेव येऊन पायरीवर बसला. मोठा भाऊ, पण बापासमोर तोंड न उघडणारा. थोडा वेळ तो बहिणीचे हात बघत राहिला.

“कर की डाव्याच हातानं. आत माजघरात बस. मी सांगतो, माझ्यासमोर उजव्या हातानं केलं म्हणून.”

“आन उद्या त्याला काही झालं तर?”

“काही होत न्हाई.”

“आधीच्या दोन वेळीबी तू असंच म्हणलता, दादा.”

तो पायरीवरून उठून निघून गेला. भिवराबाईला बोलल्याचं वाईट वाटलं, पण खरं तेच होतं. तिला काकीचा राग आला होता, बायडाचा आला होता, आबांचाही आला होता. पण राग खरवडून काढला तर खाली नुसती भीती होती. काकी म्हणते ते खरं असलं तर? जिच्या कुशीत देवानं काही दिलं नाही, तिच्या हातातच काही वाईट असलं तर? लेकराच्या टाळूवर तो हात फिरायला नको. तिला ते लेकरू मांडीवर हवं होतं, इतकं हवं होतं की बाळंतिणीच्या खोलीतल्या, सुवेरातल्या, त्याच्या रडण्यानं तिची छाती दुखायची. आणि म्हणूनच ते जगायला हवं होतं, मग कुणाच्याही मांडीवर का होईना.

ती उठली आणि परसात बायडाबाईला गाठलं. बायडाबाई धुणं वाळत घालत होती.

“आक्का, तूच नाव ठेव. मला न्हाई जमत.”

बायडाबाईला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही. तिनं लुगड्याचं टोक झटकलं, दोरीवर टाकलं आणि तशीच उभी राहिली. “मला कुठं हौस हाय गं नाव ठेवायची? माझ्या घरी चार कार्टी हायत. ते डाव्या हाताचंबी मी सहज बोलले, आईनं धरून ठेवलं.”

“मंग काकी कावून इतकी हट्टाला पेटलीय?”

“तुला खरंच न्हाई कळलं? तिला बाबाचं नाव पायजे. मानमोडीच्या साथीत बाबा गेला, त्याला पोरगा न्हाई, नाव पुढं न्यायला कुणी न्हाई. या पोराला ते नाव द्यावं असं तिच्या मनात हाय. पर नवऱ्याचं नाव बाईनं घ्यावं कसं? तिनं जन्मात कधी घेतलं न्हाई. ती सांगणार कुणाला, आन सांगणार काय? मी नाव ठेवलं तर मला न सांगता कळतंय, एवढंच तिला ठाऊक. तुझ्याशी वैर न्हाई तिचं.”

भिवराबाईनं काकीला इतकी वर्षं बघितलं होतं. तिची बोलणी खाल्ली होती. पण काकीलाही दुपारी असं काही आठवत असेल, काही मागावंसं वाटत असेल, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ती तिथंच धुण्याच्या दगडावर बसली आणि रडली. बायडाबाई तिच्या उन्हाच्या बाजूला उभी राहिली.

पण परसाची भिंत आणि बाळंतिणीची खोली यांत अंतर कितीसं? आतून मंजुळेनं सगळं ऐकलं होतं. तिची हाक आली ती अशी, की छबुबाई शेगडी टाकून धावल्या, ओसरीवरून सुंदरराव उठून आले, तुळजाबाई आली. खोलीच्या उंबऱ्यात मंजुळा उभी. डोक्याला फडकं बांधलेलं, चेहरा पांढरा फटक. सासऱ्यासमोर जिचा आवाज आजवर कुणी ऐकला नाही ती बाई.

“आत चल, वारं लागंल,” छबुबाई म्हणाल्या.

“थांब आई. मला बोलायचंय.” तिनं पदर नाकापर्यंत ओढला. “पहिल्या वेळी टोपडं गेवराईच्या बाजारातून आणलतं. चांगलं जरीचं. दुसऱ्या वेळी आईनं भटजीला इचारून, दिवस बघून शिवलतं. उजव्या हातानंच शिवलं आसंल, आई?”

छबुबाईंनी मान डोलावली.

“काजळ उजव्या हातानं घातलं. दूध उजव्या हातानं पाजलं. कुठं कायबी चुकलं न्हवतं. दोन्ही बारीला लेकरं माझ्या मांडीवर गेली. आता उजवं कोणतं आन डावं कोणतं ते मला कुणी सांगू नका. पोटुशी होते तवा वन्स रोज माझ्या उशाला बसून रुमाल विणायच्या. त्या सुईकडं बघत मला झोप लागायची, न्हाईतर लागत न्हवती. तो हात माझ्या वळखीचा हाय. माझ्या लेकराला त्याच हाताचं पायजे.”

तुळजाबाईनं दिराकडं बघितलं. सुंदररावांनी सुनेकडं बघितलं नाही, रीतच तशी, पण मोठ्यानं म्हणाले, “लेकरू तिचं हाय. ती म्हणती तसं होईल.” आणि जाता जाता ते लेकीपाशी थांबले. “दोरा उसवलास का गं सगळा?”

“व्हय, आबा.”

“चुकलं माझं,” ते म्हणाले, आणि गोठ्याकडं निघून गेले.

भिवराबाई उंबऱ्याबाहेर बसली, मंजुळा उंबऱ्याआत. सुवेर संपलं नव्हतं, बाळंतिणीला शिवायचं नव्हतं, पण बघायला कुणाची बंदी? सुई डाव्या हातात गेली आणि बोटं आपापल्या जागी बसली. आधी साखळी, तिचं कडं, कड्यात खांब. मंजुळा मधूनच विचारायची, हे काय, ते काय. खांब कशाला म्हणायचं, मुका कशाला.

“मुका म्हणजे बुटका खांब, वयनी. त्याच्यात दोऱ्याचा वेढा नसतो. दिसतबी न्हाई कुणाला. पर काठ धरून ठेवायचं काम त्याचंच.”

“बेगमची लई आठवण येती का वो तुमाला?”

“येती,” भिवराबाई म्हणाली. “ती समोर असती तर हे टोपडं आधी तिला दाखवलं असतं.”

दिवेलागणीपर्यंत घेर झाला. सकाळी, न्हाणं-धुणं चाललं होतं तोवर, झालर झाली.

दुपारी गल्लीतल्या बायका जमल्या. पाळण्याला हिरवं लुगडं बांधलं होतं, घुगऱ्यांची परात तुळजाबाईच्या पुढ्यात होती. ती कालपासून कुणाशी बोलली नव्हती. हरभरा द्रोणात घालायची आणि पुढं सरकवायची, एवढंच. भिवराबाईनं लेकराच्या डोक्यावर टोपडं घातलं. थोडं सैल झालं, वाढीला म्हणून तिनंच ठेवलेलं. मग त्याला मांडीवर घेतलं. नाव काय ठेवायचं ते शहादेवानं आणि मंजुळेनं तिच्यावर सोडलं होतं, आणि तिनं रात्रीच ठरवून टाकलं होतं. ती वाकली, कानात सांगितलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आश्रुबा.”

तुळजाबाईच्या हातातला द्रोण कलंडला. ते नाव तिनं लग्न झाल्यापासून स्वतःच्या तोंडानं उच्चारलं नव्हतं, आणि नवरा गेल्यापासून घरात कुणाला त्या नावानं हाक मारलेली तिनं ऐकली नव्हती. तिनं सांडलेले हरभरे वेचायला सुरुवात केली, पण ते तिला दिसेनात. शेवटी ती पदरात तोंड घालून बसली. बायडाबाईनं रीतीप्रमाणे भिवराबाईच्या पाठीत धपाटा घातला, मग बाकीच्यांनी घातले, सगळ्या हसल्या, आणि कुणीतरी पाळणा म्हणायला लागलं.

हवं होतं ते सगळं भिवराबाईला मिळालं होतं. टोपडं, मान, नाव, मांडीवरचं वजन. तिनं लेकराला जरा जवळ घेतलं. त्यानं डोळे न उघडताच मान वळवली, चोळीवर तोंड घासलं आणि ओठ हलवत काहीतरी शोधू लागलं. एकदा, मग पुन्हा. भिवराबाई हलली नाही. तिला वाटलं, थोडा वेळ, बायका गाण्यात आहेत तोवर, कुणाचं लक्ष नाही. लेकरू शोधत राहिलं. मग त्यानं तोंड वाकडं केलं आणि रडायला लागलं.

“घ्या वयनी,” ती म्हणाली. “भूक लागलीय त्याला.”

मंजुळेनं त्याला पदराखाली घेतलं आणि ते लगेच गप्प झालं. मांडीवरची ऊब निघून जायला वेळ लागला. ती पुरती जाईपर्यंत भिवराबाई जागची उठली नाही.